कांदा आला, ऊस का नाही?

नेप्तीच्या उपबाजारात किंवा घोडेगावला कांद्याचे लिलाव उरकले की तासाभरात भाव गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडतात. एक नंबर इतका, गोल्टी इतकी, गोण्या इतक्या. हल्ली त्या आकड्यांच्या अलीकडे कांद्याचं एक चिमुकलं चित्र असतं. टोमॅटो, वांगं, मक्याचं कणीस यांना २०१० सालीच जागा मिळाली होती. कांद्याला मात्र २०१९ उजाडावं लागलं. लसूणही त्याच वर्षी आला. तोवर आमच्या ग्रुपवर लोक कांद्यासाठी टोमॅटो टाकायचे आणि खाली लिहायचे, ‘कांदा समजून घ्या’.

परवा राहात्याच्या भाच्यानं विचारलं, ‘मामा, सगळं आहे यात, ऊस का नाही?’ प्रश्न वाजवी आहे. पहिला मोठा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमाराला ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला उभा राहिला, तिथल्या पोरानं तो विचारायलाच हवा. त्याला द्यायचं उत्तर लांबत गेलं आणि त्याचा हा लेख झाला. जिल्ह्याचं नाव आता सरकारदरबारी अहिल्यानगर आहे. बोलण्यात मी ‘नगर’च म्हणतो, तेवढं चालवून घ्या.

आधी एक गैरसमज काढून टाकू. इमोजी हे फोनमधलं चित्र नव्हे. ते अक्षर आहे, ‘क’ किंवा ‘ळ’ जसं अक्षर आहे अगदी तसं. हा शब्द जपानी आहे: ‘ए’ म्हणजे चित्र, ‘मोजी’ म्हणजे अक्षर. इंग्रजी ‘इमोशन’शी त्याचं साम्य हा निव्वळ योगायोग. तुम्ही ग्रुपवर कांदा टाकता तेव्हा चित्र जात नाही, एक क्रमांक जातो. समोरचा फोन तो क्रमांक ओळखतो आणि आपल्या पेटीतला कांदा काढून दाखवतो. म्हणून तुमचा कांदा एका फोनवर पिवळट-तपकिरी सालीचा दिसतो आणि दुसऱ्यावर वेगळ्याच अंगाचा. क्रमांक सगळीकडे एकच, चित्र ज्याचं त्याचं.

मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपला ‘ल’ हेच करतो. मराठी वळणाचा दोन पाकळ्यांचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा दांडीला टेकलेला ‘ल’ यांचा क्रमांक एकच आहे, ०९३२. कोणता दिसेल ते फॉन्ट ठरवतो. ‘श’चंही तसंच. राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणं ठरवून दिली. तरी अनेक कार्यालयांच्या पाट्यांवर हिंदी ‘ल’ दिसतो तो याचमुळे. टंकणाऱ्यानं बरोबरच टंकलेलं असतं, फॉन्ट परका असतो.

हे क्रमांक देणारी संस्था म्हणजे युनिकोड कन्सॉर्शियम. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात नोंदवलेली ही ना-नफा संस्था आहे. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मेटा अशा कंपन्या तिच्या सभासद आहेत आणि मतदानाचा अधिकारही मुख्यतः अशा सभासदांना आहे. देवनागरीला तिनं ०९०० पासून पुढचे १२८ क्रमांक राखून दिले. ‘क’ ०९१५, ‘ळ’ ०९३३, आणि आपला लाडका ‘ऱ’ ०९३१. ही मोजणी सोळाच्या पटीतली आहे, त्यामुळे मध्येच रोमन अक्षरं येतात. तुम्हाला त्याच्याशी कर्तव्य नाही.

असे क्रमांक नसताना काय व्हायचं ते ज्यांनी नव्वदीत मराठी मजकूर छापून घेतला त्यांना विचारा. मी एकदा दिवाळी अंकासाठी सात पानांचा लेख फ्लॉपीवर घालून जिल्ह्याबाहेरच्या एका छापखान्यात दिला. तिथल्या पडद्यावर माझा लेख कंस, टक्के आणि स्वल्पविराम यांची रांगोळी होऊन उघडला. प्रत्येक फॉन्टवाल्यानं ‘क’ आपल्या सोयीच्या खणात ठेवलेला, त्यामुळे एकाचा ‘क’ दुसऱ्याकडे भलताच काही. शेवटी सातही पानं पुन्हा टंकली गेली.

जपानात चित्रांचं नेमकं हेच झालं. १९९७ मध्ये तिथल्या एका मोबाइल कंपनीनं नव्वद चित्रं असलेला फोन काढला. १९९९ मध्ये एनटीटी डोकोमोसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चित्रं केली, प्रत्येक बारा बाय बारा ठिपक्यांच्या चौकटीत. पण प्रत्येक कंपनीचे क्रमांक निराळे. या कंपनीच्या ग्राहकानं पाठवलेलं चित्र त्या कंपनीच्या फोनवर भलतंच दिसे, नाहीतर दिसतच नसे. गूगल आणि ॲपलचे अभियंते हा घोळ घेऊन युनिकोडकडे गेले आणि ऑक्टोबर २०१० च्या सहाव्या आवृत्तीत सातशेहून अधिक इमोजींना अधिकृत क्रमांक मिळाले. आपल्या रुपयाचं चिन्हही याच आवृत्तीतलं. उदय कुमार यांनी रेखलेलं ते चिन्ह केंद्र सरकारनं १५ जुलै २०१० ला जाहीर केलं आणि तीन महिन्यांत त्याला क्रमांक मिळाला. चलनाच्या चिन्हाला रांगेत थांबवत नाहीत. उसाला थांबवतात.

आता इमोजीतली खरी गंमत. तीही मराठीत आधीपासून आहे.

‘आचार्यांनी’ आणि ‘आचाऱ्यांनी’ यांतला फरक आपण शाळेत शिकलो. एक गुरुजी, दुसरा लग्नातला स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ हरिश्चंद्रगडाच्या. हा चंद्रकोरीसारखा अर्धा र संगणकात आणण्याच्या दोन रीती आहेत. एक, ‘ऱ’ला हलन्त लावून पुढे ‘य’. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘जे’ची कळ दाबली की ‘ऱ’ येतो, मग ‘डी’च्या कळीनं हलन्त, मग ‘य’. दुसरी रीत जुनी: साधा ‘र’, हलन्त, आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. या चिन्हाला रुंदी नाही, रूप नाही. ते फक्त शेजाऱ्यांना सांगतं की असे जोडा.

हेच अदृश्य जोडचिन्ह इमोजीत वापरतात. शेतकरी बाईचं इमोजी तुम्ही पाहिलं असेल. तिला स्वतःचा क्रमांक नाही. ‘बाई’, जोडचिन्ह आणि ‘भाताची पेंढी’ असे तीन क्रमांक ओळीनं जातात आणि फोन त्यांचं एक जोडाक्षर करून दाखवतो. बाईच्या जागी पुरुष ठेवला की शेतकरी. आई, बाप, मुलगी अशी कुटुंबंही अशीच जुळवलेली. फॉन्टला जमलं नाही तर जोडाक्षर फुटून ‘र्’ आणि ‘य’ सुटे दिसतात, तशी जुन्या फोनवर बाई एकीकडे आणि पेंढी दुसरीकडे उभी राहते. फोन बिघडलेला नसतो, त्याला तो जोड ठाऊक नसतो. नुसती रिकामी चौकट दिसली तर इमोजी त्या फोनच्या प्रणालीपेक्षा नवं आहे. अपडेट करा, आणि करता येत नसेल तर समोरच्याला शब्दांत लिहायला सांगा.

एवढं कळलं की रोजच्या कामातले बरेच त्रास सुटतात. पाणीवापर संस्था, पतसंस्था, शाळा, दूध डेअरी यांच्याकडून जे मेसेज आणि फॉर्म फिरतात ते तयार करणाऱ्यांसाठी पुढचं सांगतो.

साधा एसएमएस रोमन अक्षरांत १६० अक्षरांचा असतो. त्यात एक जरी देवनागरी अक्षर किंवा इमोजी आलं की मर्यादा ७० वर येते. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांची मोजणी वेगळी होते, म्हणजे ‘र्‍या’साठी एक नव्हे, चार-पाच जागा जातात. साधं इमोजी दोन जागा खातं. शेतकरी बाई पाच: बाईच्या दोन, जोडचिन्हाची एक, पेंढीच्या दोन. ‘सभासदांनी उद्या दहा वाजता सभेस यावे’ अशा, पण याहून लांबलचक सूचनेपुढे तुम्ही हौसेनं तीन हात जोडले आणि मजकूर ७० च्या पलीकडे गेला, तर दर सभासदामागे दोन मेसेजचे पैसे मोजाल. दोन हजार सभासद असतील तर हिशेब तुम्हीच करा.

दुसरा त्रास फॉर्मचा. ऑनलाइन अर्जात नाव, पत्ता मराठीत व्यवस्थित जातो, पण ‘शेरा’च्या रकान्यात कुणी एक हसरा चेहरा टाकला की अर्ज अडतो किंवा पुढचा मजकूर गायब होतो. साठवणीच्या प्रचलित पद्धतीत देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात आणि इमोजीला चार. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ-८’ नावाची जुनी मांडणी तीन बाइटांपर्यंतच जाते. संस्थेचं सॉफ्टवेअर ज्यानं करून दिलं त्याला इतकंच सांगा: मांडणी ‘यूटीएफ-८-एमबी-४’ करून दे. त्याला कळेल. नाही कळलं तर माणूस बदलावा, असं माझं मत.

तिसरा त्रास शोधण्याचा, आणि तो इमोजीहून जुना आहे. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक ‘अ’ टंकून वर चंद्र ठेवायचे, आणि पुष्कळ जण अजून ठेवतात. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. सभासदांच्या यादीत एका वकिलाचं ‘ॲड.’ एका पद्धतीनं आणि दुसऱ्याचं दुसऱ्या पद्धतीनं नोंदलेलं असेल तर शोधताना निम्मेच सापडतात. ‘ऱ्य’च्या दोन रीतींचंही तेच. यादी हातात घ्या, ‘शोधा आणि बदला’नं सगळीकडे एकच रूप करून टाका. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि मतदार यादीत नाव नाही म्हणून होणारी भांडणं यातून वाचतात.

सूचना लिहिताना एक पथ्य पाळा. शब्दाच्या जागी इमोजी घालू नका, शब्दानंतर घाला. अंध वाचकाचा फोन मजकूर मोठ्यानं वाचतो तेव्हा इमोजीचं नावही वाचतो. ‘पाणी उद्या येणार’ याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा थेंब टाकलेत, तर त्याला ‘थेंब थेंब थेंब’ ऐकतच बसावं लागतं.

आणि अंगठा जपून उचला. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात धान्य खरेदीदारानं एका शेतकऱ्याला जवसाच्या सौद्याच्या कागदाचा फोटो पाठवला. शेतकऱ्यानं उत्तरादाखल अंगठा टाकला. माल दिला नाही. त्याचं म्हणणं, ‘मिळाला’ एवढंच मला सांगायचं होतं. २०२३ मध्ये न्यायालयानं तो अंगठा सहीसारखा धरला आणि ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली. अपिलातही निकाल कायम राहिला. आपल्याकडं तोच निकाल लागेल असं मी म्हणत नाही. पण शिवारातला सौदा फोनवर ठरत असेल तर ‘पाहिलं, उद्या सांगतो’ असं सरळ लिहावं. शिवाय आपल्या ग्रुपवर निधनाच्या बातमीखालीही अंगठे दिसतात, त्याबद्दल काय बोलायचं!

एकाच क्रमांकाचं चित्र बदलतं, हे लक्षात ठेवण्याचं आणखी एक कारण. पिस्तुलाचं इमोजी २०१६ मध्ये ॲपलनं पाण्याची पिचकारी म्हणून रंगवलं. २०१८ पर्यंत बाकीचे त्याच वाटेनं गेले. २०२४ मध्ये एक्सनं पुन्हा खरं पिस्तूल काढलं. क्रमांक तोच, पण रंगपंचमीचा निरोप एखाद्याला धमकी वाटू शकतो. २०१६ मध्ये रायफलही इमोजी होणार होती, ऐन वेळी तिला यादीतून वगळलं. तेव्हा आपल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयासाठी कुणी रणगाड्याचं इमोजी मागायचं मनात धरलं असेल तर त्यानं हा इतिहास आधी वाचावा.

इथं जरा वाट सोडून मोडी लिपीकडं जातो, कारण इमोजीचे उपकार कुणी मोजत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि राज्यभरातल्या तहसील कचेऱ्यांमध्ये मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. त्याच्या नऊ वर्षं आधी, जून २०१४ मध्ये, युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीची ७९ अक्षरं आली होती. अंशुमन पांडे यांनी त्यासाठी चिकाटीनं प्रस्ताव लिहिले होते. पण क्रमांक मिळाला म्हणजे अक्षर फोनवर दिसलं असं नसतं. मोडी युनिकोडच्या दुसऱ्या मजल्यावर आहे, जिथं चार बाइट लागतात, आणि जुनी सॉफ्टवेअरं पहिल्या मजल्यावरच थांबायची. बहुतेक इमोजीही त्याच दुसऱ्या मजल्यावर राहतात. मोडीसाठी कुठल्याही कंपनीनं जिना बांधला नसता. हसऱ्या चेहऱ्यांसाठी जगभर बांधला गेला, आणि त्याच जिन्यानं मोडीही वर चढली. आज गूगलचा नोटो मोडी फॉन्ट फुकट उतरवून घेता येतो. घरात पणजोबांचे कागद असतील तर त्यातली नावं मोडीतच टंकून ठेवा आणि शेजारी देवनागरी लिहा. पुढच्या पिढीला शोधता येतील.

आता भाच्याचा ऊस.

नवीन इमोजी कुणीही मागू शकतो. त्यासाठी कंपनी लागत नाही, शिफारसपत्र लागत नाही. युनिकोड दरवर्षी काही महिने अर्ज घेतं. अलीकडच्या वर्षांत एप्रिलच्या सुरुवातीपासून जुलैअखेरपर्यंत दार उघडं असतं. अर्ज इंग्रजीत, ठरलेल्या नमुन्यात. मंजूर झाला तरी अर्जापासून फोनवर येईपर्यंत साधारण दोन वर्षं जातात. आधी त्यांच्या जुन्या प्रस्तावांची यादी चाळा. कुणी आधीच मागून नकार घेतला असेल तर तुमची मेहनत वाया जाईल.

सगळ्यात आधी काय मागू नये ते पाहा, कारण नव्वद टक्के हौशी तिथंच गळावेत. विशिष्ट व्यक्ती, मग ती हयात असो वा इतिहासातली: नाही. म्हणजे चांदबीबी नाही, अहिल्यादेवी नाहीत. देवदेवता नाहीत. विशिष्ट इमारत किंवा स्थळ नाही, म्हणून शिर्डीचं मंदिर नाही आणि नेवाशाचा पैस खांबही नाही. ‘मग जपानचा फुजी पर्वत कसा आहे आणि आमची १६४६ मीटरची कळसूबाई का नाही?’ असं अकोले तालुक्यातले लोक विचारतील. फुजी जुन्या जपानी फोनांतून वारसाहक्कानं आला. नव्यांना तो दरवाजा बंद आहे. कंपन्यांची बोधचिन्हं नाहीत. ध्वजांचे नवे प्रस्ताव २०२२ पासून घेत नाहीत.

ध्वजावरून आठवलं. दांडीवरचा लाल त्रिकोणी झेंडा आपल्याकडं सर्रास भगवा म्हणून वापरतात. शिवजयंतीला तो हजारांनी उडतो. तो मुळात जपानी फोनांतला साधा निशाणीचा झेंडा, २०१० च्या यादीतला. त्याला भगवा आपण केलं. हात जोडलेलं इमोजी जपानात ‘आभारी आहे’, ‘कृपया’ यासाठी चालतं, आपल्याकडं ते रामराम आणि श्रद्धांजली दोन्ही आहे. म्हणून अर्जाचा विचार करण्याआधी प्रत्येकानं पाहावं की असलेल्यातलंच एखादं चिन्ह आपल्या कामाला लावता येतं का. निवड समितीही तेच पाहते. भाकरी मागाल तर ते २०२० मधल्या चपट्या रोटीकडं बोट दाखवतील. २०१९ मध्ये साडी, पणती, रिक्षा आणि देऊळ एकदम आले, कारण त्यांची जागा घेणारं काही आधी नव्हतं.

काय लागतं? पहिलं, त्या वस्तूला एकाहून जास्त अर्थ असावेत. २०२४ मध्ये निष्पर्ण झाड आलं. त्यात पानगळ आहे, म्हातारपण आहे, आणि कर्जत-जामखेडच्या माणसाला दुष्काळ आहे. अशी वस्तू समितीला आवडते. उसाकडे अर्थांची कमी नाही: रसवंती, गुऱ्हाळ, तुळशीचं लग्न, दक्षिणेतला पोंगल, ऊसतोडीसाठी घर सोडून निघालेली पाथर्डीची कुटुंबं. उसाला ब्राझील, थायलंड, क्यूबाही ओळखतात. हा मुद्दा अर्जात ठळक मांडावा, कारण ‘आमच्या जिल्ह्यात फार होतो’ याला तिथं किंमत नाही. दुसरं, तो इतर इमोजींबरोबर जोडून नवा अर्थ देतो का? ऊस आणि पेला म्हणजे रस. ऊस आणि कारखान्याची चिमणी म्हणजे गाळप हंगाम. हे ठीक जमतं.

तिसरं, वापराचा पुरावा. इथं भावना चालत नाही, आकडे लागतात. गूगल ट्रेंड्स, गूगल बुक्समधली शब्दांची वारंवारता, व्हिडिओंचा शोध अशा ठरवून दिलेल्या ठिकाणी तुमचा शब्द किती शोधला जातो त्याचे पडद्यावरचे आलेख जोडायचे. तुलनेला त्यांनी ‘हत्ती’ नेमलेला आहे. हत्तीच्या जवळपास किंवा वर जो पोचेल त्याचं पारडं जड. भाच्यानं आलेख काढले, ऊस हत्तीसमोर बारीक दिसला. तरी आलेख जोडायचेच, लपवायचे नाहीत.

सह्यांची मोहीम, निवेदन, हॅशटॅग, लाखभर लाइक यांना तिथं पुरावा म्हणून धरत नाहीत. राळेगणसिद्धी ज्या जिल्ह्यात आहे तिथं हे सांगायला जरा जड जातं, पण उपोषणाला बसून इमोजी मिळत नाही.

चौथं आणि माझ्या मते सगळ्यात निर्णायक: चित्र. रंगीत आणि काळं-पांढरं, ७२ बाय ७२ ठिपक्यांचं एक आणि १८ बाय १८ चं एक. चित्र तुमचं स्वतःचं किंवा वापराचे हक्क मिळालेलं असावं, कुठून तरी उचललेलं नको. मोठं चित्र कुणीही काढतो. कस लागतो तो अठरा ठिपक्यांत, कारण फोनवर ते तेवढंच दिसणार. पाचट, वाढं, डोळे हे तपशील तिथं उरत नाहीत. उरते एक उभी काठी आणि तिच्यावर पेरं.

उसाच्या अर्जाला यश येईल का? माझा अंदाज निम्मानिम्मा. पण वाट पाहताना करण्यासारखं एक काम आहे, आणि ते फार थोडे मराठी लोक करतात. कळफलकाच्या शोधात तुम्ही ‘कांदा’ लिहिता आणि कांदा पुढे येतो, कारण कुणीतरी त्या इमोजीला मराठी नाव आणि शोधशब्द जोडून ठेवलेले असतात. ही नावं सीएलडीआर नावाच्या खुल्या साठ्यात असतात आणि तोही युनिकोडच चालवतं. तिथं ठरावीक काळात भाषेचे जाणकार खातं मागून शब्द सुचवू शकतात, आधीच्या शब्दांवर मत देऊ शकतात. अट एकच, शब्द खरोखर लोकांच्या तोंडातला असावा. पुस्तकी प्रतिशब्द देऊन ठेवला तर तो कुणी शोधतच नाही. आपल्या जिल्ह्यातल्या मराठीच्या प्राध्यापकांनी आणि शिक्षकांनी एक सुट्टी त्यावर घालवली तर उसाआधी पुष्कळ गोष्टी सापडू लागतील. नीट विचार करून सुचवा. या शोधशब्दांत पुढं दुरुस्ती करता येते, पण युनिकोडनं अक्षराला दिलेलं मूळ अधिकृत नाव एकदा छापलं की कधीच बदलत नाही. एका चिन्हाच्या नावात ‘ब्रॅकेट’ या शब्दाचं स्पेलिंग चुकलं, ते तसंच ठेवलं आहे. जिल्ह्याचं नाव बदलता येतं, त्यांचं नाही.

भाच्यानं गेल्या रविवारी अठरा ठिपक्यांचा ऊस काढून पाठवला. मी चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि विचारलं, ‘हा बांबू आहे का?’ तो काही बोलला नाही. संध्याकाळी त्याचा दुसरा फोटो आला. कांड्यांना त्यानं जांभळा रंग दिला होता आणि शेंड्याला दोन पानं वाकवली होती. आता तो कोयता जोडून बघतोय.